अर्ध्यावर थांबवलेलं गाणं

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी जातो न जातो तोच आमच्याकडे डोंगर खाली उतरतो. म्हणजे डोंगरातली माणसं हो. सौंसरच्या वर सातपुड्यात जे छोटे छोटे ढाने आहेत, दहा-बारा घरांच्या वस्त्या, तिथून जीपा भरभरून बायामाणसं कापूस वेचायला येतात. जीपच्या टपावर वाकळा, स्वयंपाकाची गंजं, पायाला सुतळी बांधलेली एखादी कोंबडी. सकाळी दहिवरानं कपाशी ओली असते, म्हणून ऊन जरा चढल्यावर हात लागतो. वाळल्या बोंडाचं टोक नखाच्या बुडाशी टोचतं, आणि आठ दिवसांत प्रत्येकीच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या दिसतात. पलीकडे संत्र्याच्या बागांत माल पाहायला व्यापारी फिरत असतात. सगळ्या शिवाराला संत्र्याच्या सालीचा आणि धुळीचा मिळून एक वास येतो. हा हंगाम मला अगदी लहानपणापासून आवडायचा. आता नाही आवडत.

गेली दोन वर्षं या जीपा आमच्या बोरगावच्या वावरापाशी थांबत नव्हत्या. पुढे-मागे सगळ्यांच्या वावरात माणसं, आणि आमच्याच धुऱ्यावर, म्हणजे बांधापाशी, जीपवाला वेग वाढवायचा. पांढराशुभ्र कापूस झाडावरच लोंबायचा, खाली गळायचा, मातीत मळायचा. माझे दीर, सुधाकर भाऊजी, आमचे हे गेल्यापासून वावर तेच पाहतात, ते लोकांना सांगायचे, "मजूरच भेटून नाही राहिले बाप्पा आजकाल." मजूर भेटत होते. आम्हाला भेटत नव्हते. का, ते भाऊजींना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

मी पांढुर्ण्याची मास्तरीण. तीस वर्षं मराठी शिकवलं. जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात, आणि ते खोटं नाही. वर्गात पोरगं कविता म्हणायला उभं राहिलं की दोन कडव्यांत मला कळायचं, पाठ आहे की नाही. मग मी हात वर करायची आणि म्हणायची, "पुरे. बस खाली. छान झालं." पोरांनी माझं नावच 'पुरेबाई' ठेवलं होतं. मला त्याचा राग नव्हता. उलट जरा अभिमानच होता, खोटं कशाला बोलू.

सुकबतीची आणि माझी ओळख या वेचणीतलीच. साठीकडे झुकलेली, काळी, काटक, गालावर गोंदणाचे तीन ठिपके. दरवर्षी ती तिची सून मंगली, धाकटी लेक सोमती आणि ढान्यावरच्या आणखी आठ-दहा बाया घेऊन आमच्याच वावरात यायची. एका दुपारी मी भाऊजींचा डबा घेऊन गेले, तर जेवणाच्या सुट्टीत ती बाभळीखाली बसून गात होती. बायांनी भाकरी हातातच धरल्या होत्या, कोणी घास घेत नव्हतं. गाणं तिच्या भाषेतलं, मला शब्द एक कळला नाही. संपल्यावर मी विचारलं, "काय होतं वं हे?"

"मेलेल्याचं हाये, बाई," ती म्हणाली. "मधाचं पोळं काढाले कड्यावर चढला होता. दोर सोडणाऱ्यानं दारू पेली होती."

झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला. पुढच्या आठवड्यात मी वही घेऊन गेले, त्याच्या पुढच्या वर्षी मोबाईलवर रेकॉर्डिंग करायला शिकले. सात हंगामांत मी सुकबतीकडून चाळीस गाणी घेतली. ती गायची, आणि मंगली शेजारी बसून एकेक ओळ आमच्या बोलीत सांगायची. सोमती नुसती हसायची. "बाई, तुमी आमची भुतं वहीत भरून कुठी नेऊन राहिल्या?" ती एकदा म्हणाली. अठराची असेल तेव्हा. दात एकावर एक चढलेले, आणि ते लपवायला हसताना तोंडावर हात.

आमच्या गावाकडच्या भुतांचे पाय उलटे असतात, पिंपळावर त्यांची बिऱ्हाडं असतात. डोंगरातल्या भुतांना असलं काही नसतं. त्यांना फक्त तक्रार असते. सुकबतीची चाळीसच्या चाळीस गाणी अपमृत्यूची होती. कोणी कड्यावरून पडला, कोणाच्या अंगावर सागाचं झाड आलं, कोणी बाळंतीण ओढ्याला पूर म्हणून अलीकडच्या काठावरच राहिली. म्हातारं होऊन अंथरुणात मेलेल्या माणसाचं गाणं होत नाही. मी विचारलं होतं, तर सुकबती म्हणाली, "त्याले काय सांगाचं असते? तो झोपला."

आणि ही गाणी भर दुपारी म्हणायची. रात्र त्यांची असते, रात्री बोलावलं तर ते परत जायला पाहत नाहीत. गाण्याची बांधणीही ठरलेली. आधी मेलेल्याला नाव घेऊन बोलवायचं. मग काय झालं ते सांगायचं. मग गाणारी समोरच्यांना एक प्रश्न विचारते. सागाच्या गाण्यात ती विचारते, झाड कोणी तोडलं, हाक कोणी मारली नाही? आणि ऐकणाऱ्यांतून ज्याचं त्याला उत्तर द्यावं लागतं. तो माणूस तिथं नसेल, तर बसलेले सगळे मिळून म्हणतात, आम्ही. उत्तर आलं की मगच शेवटचा भाग, ज्याला त्या 'वाट' म्हणतात. त्यात मेलेल्याला घरी पोचवायचं असतं. तो जिथं मेला तिथून ढान्यापर्यंतचा एकेक नाला, एकेक झाड, घाटाचं एकेक वळण नाव घेऊन सांगायचं. शेवटी म्हणायचं, जा. ही वाट सांगितल्याशिवाय गाणं सोडायचं नाही. सोडलं तर ज्याला बोलावलं तो तिथंच उभा राहतो.

मी वहीच्या समासात लाल शाईनं लिहून ठेवलं होतं, 'प्रश्नोत्तररूप रचना. समूहाचा सहभाग.' आज ती अक्षरं पाहिली की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. एकदा वेचणीच्या शेवटच्या दुपारी परतीची जीप हॉर्न वाजवत उभी होती, आणि सुकबती वाट सांगत होती. जीपवाला शिव्या द्यायला लागला. ती उठली नाही. शेवटचं झाड येईस्तोवर तिनं डोळेही उघडले नाहीत. हेही मी वहीत टिपलं होतं. टिपलं होतं म्हणजे मला माहीत होतं.

मला जुन्या वस्तूंचा भारी सोस. पितळेचे डबे, तुटक्या जात्याची तळी, जुनी गाणी, सगळं मला माझ्या घरात पाहिजे. नागपूरला एका ओळखीच्यांच्या बंगल्यात मी जुन्या घडीव दगडांच्या पायऱ्या पाहिल्या आणि तेव्हापासून मनात घेतलं. पांढुर्ण्याला आमचं नवं घर झालं, दारात सिमेंटच्या पायऱ्या आल्या, मला त्या डोळ्यांसमोर नकोशा झाल्या. मग आठवलं, बोरगावच्या विहिरीचा कठडा काळ्या दगडाचा आहे. वर्षानुवर्षं दोर घासून त्या दगडांच्या कडेला खाचा पडलेल्या, बोट बसेल एवढ्या. काय सुंदर दिसतात म्हणून सांगू! विहिरीवर मोटार बसून जमाना झाला होता. मी भाऊजींना म्हटलं, "आता कोण दोर टाकतं विहिरीत? मला द्या ते दगड." भाऊजी म्हणाले, "न्या ना वहिनी, तुमचंच हाये." ट्रॅक्टरमधून कठड्याचे दगड माझ्या दारी आले. गवंड्यानं तीन पायऱ्या बसवल्या. येणारा-जाणारा कौतुक करायचा.

दोर कोण टाकतं, ते मला माहीत नव्हतं असं नाही. लाईन गेली की मोटार बंद, आणि वेचणीच्या बाया पिण्याचं पाणी दोरानंच काढायच्या. मी स्वतः त्यांच्या गुंडातलं, म्हणजे घागरीतलं, पाणी प्यायले आहे. पण त्या वेळी ते डोक्यात आलं नाही. म्हणजे येऊ दिलं नाही.

सोमती पुढच्याच हंगामात गेली. सकाळपासून लाईन नव्हती. ती गुंड आणि दोर घेऊन विहिरीवर गेली. कठडा होता तेव्हा बाया त्याच्यावर पोट टेकून वाकायच्या, तशी ती वाकली असणार. सवयीनं. टेकायला काही नव्हतं. मंगलीनं आवाज ऐकला म्हणे, पण आधी तिला वाटलं गुंडच पडला. मी पोचले तेव्हा तिला वर काढून लिंबाखाली ठेवलं होतं. तोंडावर हात नव्हता, दात दिसत होते. सुकबती रडत नव्हती. ती विहिरीच्या काठाच्या उघड्या मातीवर हात फिरवत बसली होती.

पंचनामा झाला. आईचा जबाब पाहिजे होता, आणि सुकबतीला लिहिता येत नव्हतं. भाऊजी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "वहिनी, तुमचं अक्षर चांगलं हाये. तुमीच लिहून द्या. कठड्याचं काही नोको." मी लिहिलं. आपल्याकडे सरकार हिंदीचं, कागद हिंदीतच लागतो, हिंदीतच लिहिलं. 'पैर फिसलने से.' एकदाही न खोडता, सुवाच्य अक्षरात. तिचं नावही मी त्यात एकदाच घातलं, बाकी सगळीकडे 'मजदूर लड़की'. सुकबतीनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय लिवलं, बाई?" मी म्हटलं, "जे झालं ते." तिनं अंगठा उठवला. तो अंगठा धरून शाईच्या डबीत मीच बुडवला होता.

पुढच्या वर्षी ती येणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. पण आली. कपाशी फुटली आणि पहिल्याच जीपमधून सुकबती उतरली, मंगली आणि बाकीच्या बायाही. भाऊजींना हायसं वाटलं. मला तर, लाज वाटते सांगायला, आनंदच झाला. वाटलं, तिच्या मनात काही नाही. वाटलं, उरलेली गाणी मिळतील. तो हंगाम मला दिवसवार आठवतो. कापूस त्या वर्षी उशिरा आणि भरघोस फुटला होता, सकाळचं दहिवर दहा वाजेपर्यंत हटत नव्हतं. सुकबती पाठीत वाकली होती, तरी कमरेला कापसाची ओटी बांधून सगळ्यांच्या बरोबरीनं तास, म्हणजे कपाशीची एकेक ओळ, काढायची. विहिरीच्या बाजूच्या तासात मात्र ती एकटीच वेचायची. कोणाला तिकडे जाऊ द्यायची नाही.

आठव्या-नवव्या दिवशी तिनं मला निरोप पाठवला. गाणं आहे, या. मी मोबाईल शंभर टक्के चार्ज करून गेले.

बाया विहिरीपाशी बसल्या होत्या, बाभळीखाली नाही. हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. आणखी एक ध्यानात यायला पाहिजे होतं. सुकबतीनं गायला सुरुवात केली आणि मला शब्द न् शब्द कळला. मंगलीची गरज लागली नाही. चाळीस गाणी तिनं तिच्या भाषेत म्हटली होती आणि हे एकच आमच्या बोलीत बांधलं होतं. ज्यानं उत्तर द्यायचं त्याला कळलं पाहिजे ना.

ये वं सोमती, ये वं माय,
कपाशी फुटली, तू काहून नाय?
गुंड घेतला, दोर घेतला,
टेकाचा दगड कुठी गेला?
दोरानं घासला, हातानं घासला,
खाचेचा दगड कोणी नेला?

शेवटची ओळ म्हणून ती थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. बायांनी पाहिलं. पलीकडे मोटारीच्या खोलीच्या दारात भाऊजी उभे होते, त्यांनीही पाहिलं. तिनं ओळ पुन्हा म्हटली. खाचेचा दगड कोणी नेला? आवाजात राग नव्हता. नुसतं विचारणं होतं, आणि वाट पाहणं. तिसऱ्यांदा तिनं तोंड उघडलं, आणि माझा हात आपोआप वर गेला, जसा वर्गात जायचा.

"पुरे, बाई," मी म्हटलं. "पुरे. छान झालं."

मी मोबाईल बंद केला. सुकबती तशीच, तोंड उघडं ठेवून बसली. मग तिनं ते मिटलं. मंगली काहीतरी बोलायला लागली, तिला सुकबतीनं हातानं थांबवलं. ती मला म्हणाली, "तुमी तोडलं, बाई. मधीच तुटलं तं गाणारीले परत जोडता येत नाही. आता मले पुन्हा बोलावता येत नाही अन् नेताही येत नाही. ती इथीसाच उभी राहील."

संध्याकाळपर्यंत सगळ्या बाया गाठोडी बांधून रस्त्यावर जाऊन बसल्या. वेचलेल्या कापसाची गंजी तशीच पडली होती. जीप आली, त्या गेल्या. पुढल्या पावसाळ्यात जीपवाल्याकडून कळलं की सुकबती वारली. अंथरुणात वारली, म्हणजे तिचं गाणं होणार नव्हतं. पण त्याच्या बोलण्यावरून कळलं की शेवटचे दोन महिने ती बोलतच नव्हती. झोपली असेल असं मला काही वाटत नाही.

मग ती दोन वर्षं. ज्या वावरात कोणी उभं आहे तिथं वेचायचं नाही, एवढं डोंगरातल्या प्रत्येक ढान्याला पोचलं होतं. भाऊजी म्हणाले, "जामसांवलीले जाऊ, नारळ फोडू, काय असंल ते सुटंल." गेलोही आम्ही. तिथं मारुतीपुढे घुमणाऱ्या बायका पाहिल्या, त्यांना धरून बसलेले त्यांचे नातेवाईक पाहिले. मी हात जोडले आणि काही मागूच शकले नाही. माझ्या अंगात कोणी आलं नव्हतं हो. मी चांगली धडधाकट होते, दोन वेळा जेवत होते, आणि रोज चार वेळा त्या तीन पायऱ्या चढत-उतरत होते.

यंदा दिवाळीनंतर चारच दिवसांनी, सकाळी, मंगली माझ्या दारात आली. एकटी. सौंसरहून एसटीसारख्या खडखडत्या बसनं आली होती, केसांवर धूळ. मी म्हटलं, "ये ना आत." ती म्हणाली, "नाही, इथंच बसते." आणि पायरीवर बसली.

"सासूचा आवाज आयकाचा हाये," ती म्हणाली. "तुमच्या मोबाईलमधी हाये ना?"

होता. अकरा मिनिटं. मी तो एकदाही ऐकला नव्हता आणि पुसलाही नव्हता. मी लावला आणि तिच्या शेजारी उभी राहिले. मधूनच बायांचं खोकणं, एक कावळा, आणि सुकबतीचा तो चिरका आवाज. मंगली खाली मान घालून ऐकत होती. तिच्या उजव्या हाताची बोटं पायरीच्या कडेवर होती. ऐकता ऐकता ती बोटं एका खाचेत गेली, बाहेर आली, दुसऱ्या खाचेत गेली. मी ते पाहत होते. मोबाईलमधून आवाज आला, खाचेचा दगड कोणी नेला? मग पुन्हा. आणि मग एक बाई जोरात, स्वच्छ उच्चारात म्हणाली, "पुरे, बाई. पुरे. छान झालं."

तो माझा आवाज आहे हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. इतकी वर्षं पोरांनी हा आवाज ऐकला तर!

मंगलीची बोटं खाचेत थांबली होती. तिनं खाली पाहिलं. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. कितीतरी वर्षं तिनं त्या दगडांवर पोट टेकून पाणी काढलं होतं, तिला ओळखायला काय वेळ लागतो? ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती माझ्याकडे तोंड करून बसली. सुकबती बसली होती तशीच.

"मी नेले," मी म्हटलं. "दगड मीच मागितले. आणि त्या कागदावर पाय घसरून, असं मीच लिहिलं. तुझ्या सासूला खोटं सांगितलं."

ती म्हणाली, "मले काहून सांगता? मी नाही विचारलं. जिनं विचारलं तिथं सांगा."

"सुकबती तर राहिली नाही."

"ती नाही. सोमती हाये."

दुसऱ्या दिवशी मी गवंडी बोलावून तिन्ही पायऱ्या उखडल्या. शेजारपाजारचे विचारायला लागले, चांगल्या पायऱ्या काहून काढून राहिल्या? दगड बोरगावला पोचवले. भाऊजी रस्त्यातच आडवे आले. "वहिनी, झालं गेलं विसरा ना! कागद झाला हाये. उद्या कोणी तो उकरला तं तुमच्या अन् माझ्या दोघांच्याही गळ्याशी येईल." त्यांचा राग खोटा नव्हता आणि भीतीही खोटी नव्हती. मी म्हटलं, "येऊ द्या भाऊजी."

दुपारी साडेबाराला मी आणि मंगली विहिरीपाशी उभ्या होतो. दगड काठावर नुसते रचले होते, चुना-सिमेंट काही नाही. मंगलीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दगड परत आणले म्हणून माणूस येत नाही, बाई." मग तिनं मला रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. सुकबतीनं पुन्हा विचारलं. माझं ते 'पुरे' येण्याआधी मी मोबाईल थांबवला आणि विहिरीकडे तोंड करून मोठ्यानं सांगितलं. सगळं. नाव घेऊन. माझं आणि भाऊजींचं. पाण्यावरून माझाच आवाज वर आला, तो ऐकवत नव्हता.

"आता वाट," मी म्हटलं. "पण वाट तर रेकॉर्डिंगमध्ये नाहीच."

"गाणं मले येत नाही," मंगली म्हणाली. "रस्ता येते." आणि ती सांगायला लागली. चाल नाही, लय नाही, रस्ता सांगावा तशी. धुऱ्यावरची बाभळ. जाम नदीचा उतार. पलीकडची मोहाची जोडी, जोडमोह. जीपा थांबतात तो चहाचा ठेला. घाटाचं पहिलं वळण, तुटका पूल, दुसरं वळण, लाल माती. हत्तीएवढा दगड, जिथं सोमती लहानपणी घसरगुंडी खेळायची. नाला. दुसरा नाला. ढान्याचं पहिलं साजाचं झाड. तिथं ती थांबली आणि मला म्हणाली, "आता तुमी म्हणा."

सोमतीला मी बोलावलं नव्हतं, पण अडकवलं मीच होतं. "जा, सोमती," मी म्हटलं. "घरी जा, माय."

"गेली का गं?" मी विचारलं.

मंगली पदर खोचत होती. "मले काय ठाव? पर आता गाणं पुरं झालं. आता कोणालेही म्हणता येते." जाताना तिनं ते तिच्या मोबाईलवर भरून नेलं, सुकबतीचं गाणं सुरुवातीपासून, आणि पुन्हा माझ्या तोंडून उत्तर.

चौथ्या दिवशी आमच्या धुऱ्यावर जीप थांबली. मी सकाळपासून तिथंच होते. बाया उतरल्या, मंगलीही. एक म्हातारी विहिरीपर्यंत गेली, वाकली, दगडाच्या खाचेत बोट घालून पाहिलं आणि परत आली. मग सगळ्यांनी ओट्या बांधल्या. मला रडू आलं. वाटलं, सुटले मी.

दुपारी भाकरीची फडकी सोडून बाया विहिरीपाशी बसल्या. कोणीतरी सुरू केलं, ये वं सोमती, ये वं माय. सगळ्यांना पाठ होतं, चार दिवसांत. गाणं त्या प्रश्नापाशी आलं आणि थांबलं. खाचेचा दगड कोणी नेला? मला वाटलं, आता त्या मिळून म्हणतील, आम्ही. कोणी म्हटलं नाही. ज्याचं त्याला द्यावं लागतं. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या, जेवण तसंच ठेवून.

तेव्हापासून रोज. पांढुर्ण्याहून बारा वाजता निघते, साडेबाराला वावरात असते. वेचणी सरेपर्यंत हे आहे, आणि पुढल्या वर्षी कपाशी फुटली की पुन्हा. वर डोंगरातही हे गाणं पोचलं आहे, मंगली सांगत होती. तिकडं मी नसते, म्हणून तिथली पोरंसोरं माझं नाव घेऊन उत्तर देतात, मास्तरीणबाईनं नेला. चाळीस गाणी मी वहीत भरली आणि एकेचाळिसाव्यात मीच जाऊन बसले. भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत. साडेबाराला ते मोटार सुरू करतात, म्हणजे ऐकू येत नाही. लाईन नसली की त्यांनाही ऐकावं लागतं.

माझ्या घराच्या दारात आता एक फळी टाकली आहे, ती डुगडुगते. सिमेंटच्या पायऱ्या घाला असं पोरगा फोनवर म्हणतो. घालीन कधीतरी.

आजही गेले होते. ऊन कडक होतं, संत्र्यांच्या गाड्या रस्त्यानं जात होत्या. बायांनी विचारलं. मी तोंड उघडलं आणि उत्तर दिलं, आणि त्या पुढच्या वाटेला लागल्या, बाभळ, नदीचा उतार, जोडमोह. मी उभं राहून शेवटच्या झाडापर्यंत ऐकलं. मध्ये कोणी कोणाला थांबवलं नाही.